कबरीच्या जागी गव्हाण

नाताळ, म्हणजे गेला शुक्रवार

त्या वर्षी आमच्या गावात नाताळ मार्च महिन्यात आला. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या दोन दिवस अगोदर, दुपारी चारच्या सुमाराला. आणि तो आणला खिएम आजोबांनी.

तालीम चालली होती. वेदीसमोर पंधरा मेणबत्त्या, पंधरा चिंतनं, पंधरा माणसं. एकेकाने काळा झगा आणि पगडी घालून उंच चौरंगावर चढायचं, प्रभूच्या दुःखसहनाचा आपल्या वाट्याचा भाग न बघता गायचा, वाकायचं, की त्याची मेणबत्ती विझते. बाजूला ठोकळेवाला पुस्तक उघडून बसतो. शब्द चुकला की लाकडी ठोकळ्यावर दांडी पडते. टॉक. चुकलेला एक ओळ मागे जाऊन दुरुस्ती करतो. तिसऱ्या टॉकला मात्र तो खाली उतरतो आणि त्याची मेणबत्ती जळत राहते. अशी जळत राहिलेली मेणबत्ती आमच्या गावाला पुरापेक्षा जास्त वर्षं लक्षात असते.

पंधरावं चिंतन, म्हणजे दफन, खिएम आजोबांच्या घराचं. चार पिढ्यांपासून. आजोबा त्याच्यासाठी एक्केचाळीस वर्षं चौरंगावर चढले आणि एकदाही टॉक झालं नाही.

त्या शुक्रवारी ते चढले, घसा साफ केला, खिळे काढले, देह उतरवला, आईच्या मांडीवर दिला. सगळं नीट. मग गायले:

"मग त्यांनी त्याला वस्त्रात गुंडाळिले आणि गव्हाणीत ठेविले, कारण उतारशाळेत त्यांना जागा नव्हती."

ठोकळ्यावर थुआन होता. आजोबांचा थोरला मुलगा, पन्नाशीचा, गावच्या सहकारी संस्थेत हिशेबनीस. त्याची दांडी वर गेली आणि वरच राहिली. आजोबा थांबले नाहीत. मेंढपाळ आले, शेतात उजेड पडला, देवदूतांची फौज उतरली, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या छातीत मावेल तेवढी हवा भरून त्यांनी सुरू केलं, "परमोच्च स्थानी देवाला गौरव!"

हे गीत राखेच्या बुधवारपासून कुलपात असतं. उपवासकाळात ते कुणी गुणगुणतसुद्धा नाही. घंटेच्या दोरीला टेकून पेंगणाऱ्या घंटावाल्याने ते झोपेत ऐकलं, आणि हे गीत ऐकलं की त्याचा हात जे करतो तेच केलं. तिन्ही घंटा वाजल्या.

बाजारात थुआनची बायको लुआ टोफूच्या टोपलीवर ओलं फडकं टाकत होती. शेजारची मासळीवाली छातीवर क्रूस करत म्हणाली, "कोण गेलं गं?"

चर्चकडून कुणीतरी सायकल दामटत येत होतं. हसून हसून त्याचा तोल जात होता. "गेलं नाही, झालं! खिएमच्या घरी मुलगा झाला!"

झावळ्यांचा रविवार, रस्त्यात

"नाताळच्या शुभेच्छा, थुआन!"

"धन्यवाद."

"केक कधी कापायचा?"

"तुझी मान कापून झाली की."

थुआन नारळाची झावळी खांद्यावर टाकून मिस्सावरून घरी येत होता. घर तीनशे पावलांवर, शुभेच्छा अकरा. न्हाव्याने तर दुकानाच्या दारात कागदाची चांदणी लावली होती.

फादर तरुण होते आणि शहाणे होते. त्यांनी मिस्सानंतर थुआनला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "चिंतन तुमच्या घराचं आहे. घरी ठरवा. ते उभे राहणार असतील तर राहू देत. पण ठोकळा तुमच्या हातात आहे, हे लक्षात असू द्या."

लक्षात नसायला काय झालं होतं? शुक्रवारपासून थुआनला दुसरं काही लक्षातच नव्हतं. येत्या शुक्रवारी, सगळ्या गावासमोर, त्याने आपल्या बापावर दांडी मारायची. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मारून त्याला खाली उतरवायचं. गव्हाण, मेंढपाळ, गौरव. तीन मोजायला फार वेळ लागला नसता.

तो अंगणात शिरला तर ओट्यावर त्याची धाकटी बहीण दोआन बसली होती, सायगॉनहून आलेली, नखांना लाल रंग, शेजारी दोन बॅगा. तिकडे तिचं केस कापायचं दुकान होतं आणि एरवी ती फक्त नववर्षाला यायची.

"तू कशी काय?"

"बाबांना उभं राहताना बघायला. मला कुणीतरी व्हिडिओ पाठवला, दादा. घंटांसकट." ती हसत होती, पण डोळे ओले होते. "तू मारलं नाहीस. छान केलंस. शुक्रवारीही मारू नकोस."

"मग ठोकळा घेऊन काय करू? पंख्यासारखा वारा घालू?"

झावळ्यांचा रविवार, बदक

जेवायला पाच जण. खिएम आजोबा. त्यांची बायको थोम आजी, जी डाव्या कानाने काहीच ऐकत नाही आणि उजव्या कानाने हवं तेवढंच ऐकते. थुआन. लुआ. दोआन. मध्ये बदक, बांबूच्या कोंबांच्या रश्शातलं, कारण रविवारी उपवास नसतो.

सुरुवातीला पक्ष असे होते. एकीकडे दोआन: बाबांनी उभं राहावं. दुसरीकडे थुआन: राहू नये. लुआ भात वाढत होती. आजी पाय चोखत होती, म्हणजे बदकाचा. आजोबा, ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललं होतं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"वय झालंय त्यांचं," थुआन म्हणाला. "चौरंग उंच आहे. पडलेबिडले तर?"

"खरं सांग ना. तुला लाज वाटते."

"मला? गावात तोंड लपवून फिरतोय तो मी, आणि तू सायगॉनहून येऊन मला..."

"मग लाजच की!"

"वन्सं, रस्सा घ्या," लुआ म्हणाली. "गार होतोय."

"वहिनी, तुम्हीच सांगा. चुकले तर चुकले. कोण मरणार आहे?"

"शुक्रवारी?" आजोबा पहिल्यांदा बोलले. "प्रभू."

आजी हसली. हे तिने ऐकलं होतं.

आजोबांनी जेवायच्या काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या. "मी उभा राहणार. आणि थुआन मारणार. मारलं नाही तर मी चौरंगावरून उतरून त्याच्या हातातला ठोकळा घेईन, स्वतःला तीनदा मारीन आणि घरी येईन. ठरलं."

इथे पक्ष फुटले.

"तीनदा?" दोआनने वाटी खाली ठेवली. "म्हणजे खाली उतरवणार? सगळ्यांसमोर? मेणबत्ती तशीच ठेवून?"

"नियम आहे," आजोबा म्हणाले.

"मग नको. मग नकाच उभे राहू, बाबा. दादाचं बरोबर आहे. त्या दिवशी आपण सगळे जरा उशिरा जाऊ, मागच्या बाकावर बसू. मी तुमचे केस छान कापून देते..."

"केस?" थुआन एकदम तिच्याकडे वळला. "ते एक्केचाळीस वर्षं उभे राहिलेत आणि तू त्यांना मागच्या बाकावर बसवून केस कापणार? लहान मूल आहेत का ते?"

"आत्ता तूच म्हणालास की चौरंग उंच आहे!"

"उंच आहे! म्हणून काय त्यांना चढता येत नाही?"

"दादा, तू कुणाच्या बाजूने आहेस?"

थुआनला खरंच माहीत नव्हतं. एवढंच कळलं होतं की त्याने जेवणाच्या सुरुवातीला जे म्हटलं ते आता बहीण म्हणत होती, आणि तिच्या तोंडून ते ऐकवत नव्हतं.

"लुआ," आजोबा म्हणाले, "तू काय म्हणतेस?"

लुआने सगळ्यांच्या वाटीत बघितलं, मग आपल्या. "मी म्हणते सोमवारपासून पहाटे माझ्यापाशी बसा. माझे हात कामात असतात, कान रिकामे असतात."

"काय ठरलं?" आजीने मोठ्याने विचारलं.

"बाबा उभे राहणार!" दोआन तिच्या उजव्या कानात ओरडली.

"ते मला शुक्रवारीच माहीत होतं," आजी म्हणाली. "बदकाला मीठ कमी आहे."

साधारण काळ

चर्चच्या वर्षात चौतीस आठवडे असे असतात की ज्यांना नावही धड नाही. फादर हिरवा झगा घालतात. कुणी जन्मत नाही, कुणी मरत नाही, प्रभू गावोगाव फिरतो, लोकांना बरं करतो, त्यांच्याकडे जेवतो, आणि पुढच्या रविवारी तेच. थुआन या आठवड्यांचा माणूस. थोम आजी म्हणायची, दोआन पेंटेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्मा वाऱ्यासारखा उतरला त्या सणाला जन्मली, वाऱ्यासारखी आली आणि वाऱ्यासारखी गेली. थुआन जन्मला साधारण काळाच्या एकोणिसाव्या मंगळवारी, वेळेवर.

एकदाच त्याने हिरव्याबाहेर पाऊल टाकलं होतं. एकोणीस वर्षांचा असताना त्याला चौथं चिंतन मिळालं: पेत्र शेकोटीपाशी बसतो, दासीपुढे प्रभूची ओळख नाकारतो, कोंबडा आरवतो. त्या वर्षी पहिल्या चौदा चिंतनांना ठोकळ्यावर खिएम स्वतः होते. तेव्हा ते सत्तेचाळीसचे, गावात सगळ्यात कडक. शेकोटीपाशी टॉक. दासीपाशी टॉक. कोंबड्यापाशी टॉक.

तिसऱ्या बाकावर एक मुलगी हसली. तीच लुआ. गेली तीस वर्षं ती सांगतेय की ती हसली नव्हती, तिला ठसका लागला होता. थुआन त्यानंतर कधी चौरंगावर चढला नाही. पुढे त्याने ठोकळा घेतला, कारण ठोकळेवाल्याला गावं लागत नाही. आणि तो चांगला ठोकळेवाला झाला. एकदाही चुकीचं मारलं नाही, एकदाही सोडलं नाही.

गेल्या शुक्रवारपर्यंत.

सोमवार, मंगळवार, बुधवार, आणि गुरुवारची सकाळ

लुआ पहाटे सोयाबीनचं दूध उकळते, फाडते, फाटून जमलेला गोळा पांढऱ्या फडक्यात घेते, चारी टोकं दुमडते, लाकडी साच्यात ठेवते आणि वर दगड ठेवते. रोज बावीस साचे. आजोबा बाजूला पाटावर बसून गायचे.

सोमवारी पहिल्यांदाच ते त्या जागी आले तेव्हा लुआच्या हातात फडकं होतं.

"मग त्यांनी त्याला वस्त्रात गुंडाळिले आणि..."

ते थांबले. लुआने गोळा दुमडला.

"साच्यात ठेविले," ती म्हणाली.

आजोबा इतके हसले की त्यांना खोकला आला. मग दोघं पुन्हा पहिल्यापासून.

ती त्यांना शब्द सांगत नव्हती. चूक झाली की फक्त हात थांबवायची, आणि वाफेतून त्यांना ते दिसायचं. सोमवारी एकदा गव्हाण, एकदा कबर. मंगळवारी दोन्ही वेळा कबर. बुधवारी पुन्हा गव्हाण, आणि मागोमाग मेंढपाळ. तेव्हा तिने फडकं खाली ठेवलं.

"बाबा, एक विचारू? तुम्हाला तिथे पोहोचल्यावर काय होतं?"

"काय व्हायचं? रस्ता फुटतो." त्यांनी दोन बोटं फाकवली. "इथपर्यंत एकच आहे. गुंडाळिले आणि. आता इकडे गेलं की कबर, तिकडे गेलं की गव्हाण. लूकचं शुभवर्तमान काढून बघ. जन्मला, गुंडाळला, ठेवला. मेला, गुंडाळला, ठेवला. एकाच माणसाने लिहिलंय. त्याला काय कळत नव्हतं, की आपण तीच ओळ दुसऱ्यांदा लिहितोय?"

"मग तुमचं चुकलं नाही म्हणा."

"चुकलं! साफ चुकलं." ते चिडलेच. "अगं, नाताळाआधीच्या आगमनकाळात आपण काय करतो? चार आठवडे वाट बघतो. कुणाची? जो येऊन दोन हजार वर्षं झाली त्याची. तरी बघतो की नाही खरीखुरी? राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घेतो, जसं काही मरणावर उत्तरच नाही. प्रत्येक काळ आपल्याला एकेक गोष्ट झाकून ठेवायला सांगतो. आणि या दिवसांत तर सगळ्यात मोठी. रविवारी तो उठणार हे माहीत असताना शुक्रवार म्हणायचा. एवढाच तर उपवास आहे, लुआ. मांस काय, कुणीही सोडतं."

"आणि ते तुम्हाला जमत नाही आता."

"तरुणपणी जमायचं. तेव्हा एका वेळी एकच दिसायचं. आता सगळं एकदम दिसतं. गव्हाण दिसते, कबर दिसते, ती उघडी पडलेली दिसते. तू दिसतेस, तिसऱ्या बाकावर, वीस वर्षांची, हसताना."

"ठसका लागला होता मला."

"बरं."

तिने फडक्याची टोकं दुमडली. साचा भरला, दगड ठेवला. कढईत दूध वर येत होतं.

"पुन्हा घ्या," ती म्हणाली. "खिळ्यांपासून."

गुरुवारी पाय धुण्याच्या मिस्साला निघताना थुआनने तिला दारात विचारलं, "कितीपैकी किती?"

"आठपैकी सहा."

"म्हणजे दोनदा..."

"म्हणजे सहादा बरोबर, अहो."

"मी मारू शकेन का, लुआ?"

तिने त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं. "ते मला विचारू नका. मला तुम्हीही दिसता आणि तेही दिसतात."

शुक्रवार

चौदा विझल्या.

खिडक्यांना जांभळे पडदे, बाहेर तीनचं ऊन, आत एका ज्योतीचा उजेड. लोक दारापर्यंत दाटलेले. काही जण खरंच दुःखसहन ऐकायला आले होते, बरेच जण गव्हाण ऐकायला. न्हावी पहिल्या रांगेत होता.

दोआनने बाबांचे केस कापलेच होते. पगडीखालून मान स्वच्छ दिसत होती, लहान मुलासारखी. ती लुआच्या शेजारी बसली होती आणि तिने वहिनीचा हात इतका घट्ट धरला होता की नखांचा लाल रंग दोघींचा झाला होता. थोम आजी दोआनच्या पलीकडे, उजवा कान वेदीकडे.

खिएम चढले. एक पायरी, दोन, तीन. कुणी हात दिला नाही, कारण त्यांनी आधीच बजावलं होतं.

खिळे काढले. देह उतरवला. आवाज बारीक झाला होता पण सरळ होता, ताणलेल्या सुतासारखा. आईच्या मांडीवर दिला. आता पुढे एक वळण, मग ती जागा.

थुआनने पुस्तकाकडे बघणं सोडून दिलं होतं. दांडी हातात, हाताला घाम. त्याने ठरवलं होतं की मारायचं. पहाटे ठरवलं होतं, मग दुपारी नाही ठरवलं, आणि मग पुन्हा ठरवलं होतं. बापाने आयुष्यभर ज्याला मान दिला तो नियम बापासाठी मोडायचा नाही. सोडून देणं म्हणजे त्याला मागच्या बाकावर बसवणं. मारायचं.

"मग त्यांनी त्याला वस्त्रात गुंडाळिले आणि..."

पहिल्या रांगेतला न्हावी पुढे झुकला.

खिएमना दोन्ही रस्ते दिसले. डावीकडे उजेड होता, मेंढरांचा वास, ओल्या गवताचा वास, आणि कुणीतरी नुकतंच रडायला लागलं होतं. उजवीकडे दगड. त्यांना डावीकडे जायचं होतं. इतकं जायचं होतं की पायाची बोटं वळली. त्यांनी डोळे मिटले, आणि जे माहीत होतं ते गिळलं.

"...आणि खडकात खोदलेल्या कबरीत ठेविले."

टॉक.

तो आवाज छतापर्यंत जाऊन परत आला.

खिएमनी डोळे उघडले. सगळं चर्च थुआनकडे बघत होतं. थुआन आपल्या हाताकडे बघत होता. आठवडाभर दाबून ठेवलेला हात, बाप बरोबर बोलल्याबरोबर सुटला होता.

"कुठे चुकलो?" खिएमनी चौरंगावरून विचारलं. गाऊन नाही, साध्या आवाजात.

"नाही चुकलात, बाबा."

"मग?"

"हात... निसटला."

न्हाव्याच्या नाकातून आवाज आला. मग त्याच्या मागच्या बाकावरून. मग ते हसू चर्चभर पसरलं, शुभ शुक्रवारी, प्रभूच्या दफनाच्या वेळी. लोक तोंडात पदर, टोप्या, प्रार्थनापुस्तकं कोंबत होते. फादरांनी मान खाली घातली होती, पण त्यांचे खांदे हलत होते.

चर्चचे कारभारी क्वीकाका उठले. ऐंशीचे, काठी टेकत. एक नियम आहे, जो आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे आणि जो मी एवढ्या वेळात सांगितला नाही, कारण कुणाच्याही हयातीत तो वापरावा लागला नव्हता. बरोबर गाणाऱ्यावर ज्याने दांडी मारली, त्याने ते चिंतन स्वतः गायचं. पहिल्यापासून.

"थुआन," क्वीकाका म्हणाले. पुढे काही म्हणायची गरज नव्हती.

"थांब," खिएम म्हणाले. "आधी माझं संपू दे." आणि त्यांनी उरलेल्या दोन ओळी गायल्या, दगड लोटला, वाकले, आणि तिन्ही पायऱ्या उतरले. एक्केचाळीस वर्षं अधिक एक. टॉक नाही, म्हणजे धरण्याजोगा नाही. त्यांनी पगडी काढून मुलाच्या डोक्यावर ठेवली. ती त्याला मोठी झाली आणि भुवयांपर्यंत आली.

मग ते ठोकळ्यापाशी बसले, दांडी उचलली, आणि पुस्तक मिटून बाजूला सारलं.

थुआनला चौरंगावरून सगळं गाव दिसलं. एकतीस वर्षांपूर्वीसारखंच, फक्त जाड झालेलं. तिसऱ्या बाकावर लुआ होती. ती हसत नव्हती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि ते नसलेलं फडकं दुमडत होते, चार टोकं, सावकाश.

तो त्या हातांच्या चालीने गायला लागला.

आवाज खरखरीत होता, हिशेबाच्या वह्या वाचून झालेला. पण सूर त्याच्या घराचा होता, तो लपत नव्हता. खिळे काढताना त्याने एक शब्द गाळला. टॉक. मागे गेला, दुरुस्त केला. आईच्या मांडीपाशी एका ओळीऐवजी पुढची आली. टॉक. म्हाताऱ्याने दोन्ही टॉक मन लावून मारले, तांदूळ सडावेत तसे.

आता एकही शिल्लक नव्हता, आणि अर्धं पान उरलं होतं.

दोआन उभी राहिली होती. तिला कुणी खाली बसवलं नाही. खिएमनी दांडी डोक्याच्या वर धरली होती. वस्त्र. गुंडाळिले. आणि. कबर. ओळ गेली. पुढची गेली. दगड. शेवटचा शब्द त्याने इतका हळू म्हटला की तो संपला हे कळायला लोकांना वेळ लागला.

खिएमनी दांडी सावकाश खाली आणली आणि आपल्या मांडीवर ठेवली.

थुआन वाकला. पगडी घसरून नाकावर आली. कुणीतरी पंधरावी ज्योत चिमटीत धरली, आणि काळोख झाला. वातीच्या धुराचा वास येत होता.

मग थोम आजीचा आवाज आला, बहिरी माणसं बोलतात तसा, सगळ्यांसाठी.

"जमलं का माझ्या पोराला?"

"जमलं, आई," दोआन म्हणाली.

"मग टाळ्या का वाजवत नाही कुणी?"

"आज शुक्रवार आहे, आई!"

आजीने थोडा विचार केला.

"बरं," ती म्हणाली. "मग रविवारी वाजवू."